कारणाचा रकाना

रोल्याच्या मागल्या गल्लीत
घड्याळवाला आणि चपला शिवणारा पठाण
यांच्या मधे आमचं टायपिंग सेंटर.
माफीची मुदत चालू आहे, म्हणून रांग पहाटेपासून.
माणसं आधी काचेतून बघून घेतात
आत कोणी गणवेशातलं नाही ना,
मगच दार ढकलतात.

मी दिवसाला साठ वेळा दया लिहिते.
अरबीत तिला इस्तिरहाम म्हणतात.
मिरजेहून आले तेव्हा शब्द ठाऊक नव्हता,
आता बोटं तो न बघता मारतात.
माझा व्हिसा मार्चपर्यंत,
नवऱ्याच्या नोकरीला टाचणीने लावलेला.

सगुण आसोलकर. वय सत्तेचाळीस. शिरोड्याच्या बाजूचे.
हुद्दा: अ‍ॅल्युमिनियम फिटर.
पासपोर्ट: कंपनीच्या कपाटात.
कंपनी: नाही.
कपाटाचं मी विचारलं नाही.

व्हिसा संपला त्या तारखेपासून
रोजचे पन्नास दिरहम दंड.
संगणकाने बेरीज दाखवली, त्र्याहत्तर हजार पन्नास.
चार वर्षांचे त्र्याहत्तरच व्हायला हवेत,
वरचे पन्नास कसले?
बोटांवर मोजलं तेव्हा कळलं
मधे एकोणतीस फेब्रुवारी येऊन गेली होती.
तिचेही लावले होते.

"त्या दिसा मियां कायच करूक नाय,"
ते म्हणाले, जणू मीच पकडलं होतं,
"दोनपारपर्यंत निजान होतंय."

मग कारणाचा रकाना.
अडीचशे अक्षरं, मोकळ्या जागा धरून.
ते अर्धा तास बोलले.
मुदीर ईदला गेला तो आलाच नाही,
शटरला कोर्टाचं सील,
मग अजमानच्या अर्धवट बंगल्यांत
रात्री खिडक्या बसवायच्या,
कारण तपासणी दिवसा येते.
ठेकेदार निम्मे देणार, उरलेल्या निम्म्याबद्दल
कुठे तक्रार करशील म्हणून हसणार.
दाढ दुखली. दवाखान्यात कार्ड मागतात.
खोलीतल्या एका बिहाऱ्याने
त्यांच्याच पकडीने ती काढली,
खिडकीची चौकट वाकवायच्या.
घरी सांगत राहिले, रजा मिळत नाही.
भाचीच्या लग्नाला रजा मिळाली नाही.
आईच्या वेळीही मिळाली नाही.
रजा देणारा कोणी उरलाच नव्हता,
हे सांगायचं तेवढं राहून गेलं.

मी टाइप केलं:
कंपनी बंद पडल्याने मुदतीत परतता आले नाही.
दंड माफ व्हावा, ही नम्र विनंती.
दाढ मावली नसती असं नाही.
पण खिडकीपलीकडचा माणूस
पहिली ओळ वाचतो आणि शिक्का उचलतो,
हे मला माहीत आहे.

"सगळा लिवलात?"
"हो," म्हटलं.

नवव्या दिवशी संदेश आला.
दंड शून्य. चौदा दिवसांत देश सोडावा.
त्या संध्याकाळी म्हणे ते खाडीवर गेले,
उजेड असताना, रस्त्याच्या ह्याच बाजूने,
पोलिसांच्या गाडीला अगदी घासून.
आतल्या शिपायाने मान वर केली नाही,
तो बर्गर खात होता.
"माका जरा वायटच वाटला," म्हणाले.
चार वर्षं ज्याला घाबरलो
त्याला आपलं तोंडही ठाऊक नसावं.

जायच्या आदल्या दिवशी परत आले.
एका खोक्यात टँग, निडो, दोन कांबळी.
त्यांना छापील कागद हवा होता,
नुसत्या शून्याचा नको,
वर मूळ आकडा असलेला.
घराकडे दाखवायला.

"इतके कमवूक नाय, बाय.
पण इतके माफ झाले, ता तरी बघूंदेत."

कागद दोन्ही हातांनी धरून
त्यांनी विचारलं, हेका पिलॅस्टिक चढवशात?
यंत्र तापायला वेळ लागतो.
तोवर दोघंही उभे राहिलो,
मागे रांग खोकत होती.

लॅमिनेशनचे तीन दिरहम.
त्यांनी मोजून दिले.
मी घेतले.