ळ, बाळातला

खिडकीपलीकडे म्याकलांचा कारखाना.
चार माग एका तालात, पाचवा जरा मागे पडलेला.
त्या खटखटीवर आवाज चढवून
बावीस वर्षं मी बाराखडी शिकवली.
घरी बायको म्हणते, हळू बोला,
मी इथंच आहे, समोर.

आज ळ.
तक्त्यावर पाळणा, पाळण्यात गोरं गुटगुटीत बाळ,
या वर्गात कुणाच्याच घरचं नसावं असं.
"म्हणा, ळ बाळातला."
पटावर अडतीस. तोंडं एकतीस.
पाचव्या दिवसाचं पाणी आलंय आज,
सात जण घागरींपाशी आहेत.

मुदस्सरची जीभ ळ पर्यंत येते
आणि ल वर घसरते.
"बाल," तो म्हणतो,
आणि शेजारचा त्याचे केस ओढून दाखवतो.
"काय करूलालाय बे!" मीच ओरडतो,
पुस्तकी मराठी टेबलावर ठेवून.

लावण्या कोडमचा हात वर.
"सर, क ला कमळ हाय, ग ला गवत.
ळ ला स्वतःचं कायच नाही?
दुसऱ्याच्या बाळात राहतो?"

डी.एड.च्या दोन वर्षांत
हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता.
म्हणालो, "तो शब्दात पहिला येत नाही कधी.
मधे येतो. नाहीतर शेवटी."
"म्हणजे उशिरा," मागून शरणप्पा म्हणाला,
जो स्वतः रोज प्रार्थनेनंतर येतो.

"आमच्यात दोन-दोन येतात," लावण्या.
"नीळ्ळु."
पाणी.
मी फळ्यावर लिहिलं. ळ खाली ळ टांगला.
शरणप्पाला कुठलं राहवतंय?
"मळे!" म्हणजे पाऊस. "हळ्ळी!" म्हणजे गाव.
फळ्यावर पाणी, पाऊस, गाव,
आणि मराठी अजून एकही नाही.

मुदस्सर बाकाचा कोपरा नखानं खरवडत होता.
विचारलं, "अब्बा कुठं जातात रे कामाला?"
त्यानं खिडकीकडे हनुवटी केली.
"ताण्याला काय लावतात तिथं? चिकट, पांढरं?"
"खळ," तो म्हणाला.
स्वच्छ.
जीभ वळली, टाळूला टेकली, सुटली.
त्यालाही कळलं नाही काय झालं ते.
मी काहीच बोललो नाही,
बोललो असतो तर पुन्हा बाल झालं असतं.

मग धबधबा. नळ. कळशी. आंघोळ.
गूळ, वेळ, ओळ, गोळी, पोळी.
"सर, शाळा!"
"सर, फळा! फळ्यावरच फळा लिवा!"
पाचवा माग त्या गोंधळात
चौघांच्या बरोबर आला असेल तर
ऐकायचं राहून गेलं.

शेवटी म्हणालो, वहीत आपल्या गावाचं नाव लिहा.
लावण्यानं लिहिलं
सोळापूर.
शिरोरेघ नेहमीसारखी अर्धवट,
अक्षरं उघड्या डोक्याची.

लाल पेनाचं टोपण काढलं.
"सर, सोळा गावं मिळून झालं म्हणून
तुम्हीच सांगितला होता की."
सांगितलं होतं. परिपाठात, सोमवारी,
लोक म्हणतात ते, खात्री न करता.
टोपण परत लावलं.
बाजूला पेन्सिलनं बारीक लिहिलं, सोलापूर,
आणि हेही सांगतो, लपवत नाही:
दुसऱ्या दिवशी तेच तिच्याकडून दहादा घोटून घेतलं.
चाचणी होती.

पण त्या दिवशी पाच वाजता
सायकल ढकलत फाटकापाशी आलो,
ऊन अजून पत्र्यावर होतं, वर बघितलं.
महानगरपालिका शाळा क्रमांक अमुक.
पेंटर ळ विसरला होता आधी.
मग त्यानं तो शा आणि क्र च्या मधे
तिरपा करून, कसाबसा, कोंबलाय.

बावीस वर्षं रोज त्याच्याखालून ये-जा केली,
डबा, छत्री, हजेरीपट घेऊन.