पाव भाकरी

डॉक्टर म्हणाले, घास बत्तीस वेळा चावायचा.
मी मोजते. पलीकडे अंबादासभावजींचा माग
तोवर वीतभर टॉवेल विणून मोकळा.

पोट आता केळ्याएवढं.
रजिताच्या उष्टावणाची चांदीची वाटी
माळ्यावरून काढली, तेच माझं ताट.
दोन चमचे वरण, बोटभर शेंगाचटणी,
पाणी अर्ध्या तासानं.

अशोक चौकात बारशाला
यादगिरीकाकू वाढतच राहिल्या:
"एवढंच? रुसलीस का गं?"
पोट गप्प होतं.
हात मात्र आपसूक परातीकडे गेला.
चाळीस वर्षांची सवय,
तिला कुठे टाके घातलेत?

रात्री डब्यातली कडक भाकरी मोडते.
कट्ट.
पाव तुकडा.
उरलेली फडक्यात बांधते,
गाठ मारते.
जरा वेळानं सोडून बघते,
आहे ना.