खालच्या नळीचं तेल

आत्या कुऱ्हाडीच्या पाठीनं नळी फोडते.
एकच घाव, उभा.
मांडीची नळी आधी. आतली मज्जा
मेणबत्तीसारखी, पांढरी, बोटाला चिकटत नाही.
मग खुराच्या वरची, घोट्याखालची.
दाराशी पाणी गोठलंय बादलीत
आणि ही ओघळतेय तिच्या मनगटावरून,
हिवाळा लागल्याचं जणू हिला कुणी कळवलंच नाही.

"ही चामड्याला," रावना आत्या म्हणते,
"ती पोटाला."
तिच्या आईनं तिला एवढंच सांगितलेलं.
कौताकेइनोच्या पठारावर कारण विचारायची रीत नव्हती.

मी ट्रॉम्सोहून आलेय, प्रयोगशाळेतून.
मला कारण ठाऊक आहे,
आणि जिभेला खाज.
सांगते : चरबी म्हणजे साखळ्या, कार्बनमागे कार्बन.
सरळ असल्या की रचलेल्या ओंडक्यांसारख्या
एकमेकींना बिलगतात, थिजतात.
खालच्या नळीत साखळीला मध्येच दुहेरी बंध,
तिथं ती वाकते, गुडघ्यात दुमडल्यागत.
मग रास नीट लागत नाही. फटी राहतात.
पायातल्या पेशी-पेशीच्या भिंतीत हेच वाकडेपण,
म्हणून रेनडिअर बर्फात उभा राहतो
आणि पाय त्याचाच राहतो.

"योवनाच्या सरपणासारखं," आत्या म्हणते
आणि पुढची नळी घेते.

योवना, माझा भाऊ, ऐकत नाहीये.
तो रक्ताच्या बादलीत बर्चची काठी फिरवतोय,
थांबला तर साकळेल.
काठीला गुलाबी धागे गुंडाळले जातात :
जखमेची चाहूल लागताच
विणायला बसणारं प्रथिन.
इथं जखम कुठली, बादली आहे,
पण त्याला ते कसं कळावं.
तो धागे निपटून कुत्र्यांपुढे टाकतो.

वासराच्या कानावर आमच्या घरची खूण,
दोन खाचा आणि एक तिरकं टोक.
ती उपजत येत नाही, दर उन्हाळ्यात सुरीनं द्यावी लागते.
आतली खूण, चार अक्षरांत लिहिलेली,
न कापता उतरते, आईकडून, बापाकडून.
मला दोन्ही वाचता येतात.
कुंपणात उभं राहिल्यावर पहिलीच कामाला येते.

जानेवारीत पाऊस पडला.
पडायला नको होता. रात्रीत तो गोठला
आणि दगडफूल राहिलं काचेखाली,
आपल्या सगळ्या साखरेसकट, दिसत,
हातभर अंतरावर.
खुरांनी खणलं. खुरं सोलली.
आम्ही ट्रकनं चारा नेला, पुरला नाही.

फेब्रुवारीत वळचणीला एक मादी सापडली,
कानावर दोन खाचा, तिरकं टोक.
आत्यानं बर्फ झटकला, मांडीची नळी फोडली.
आत लाल, पाणचट, थरथरतं काहीतरी.
"आधी पाठीची जाते," ती म्हणाली,
"मग मूत्रपिंडाभोवतीची. मग ही."
तिनं हे कुठल्या वहीत लिहिलं नव्हतं.
मी लिहिलं होतं, आलेखासह,
आणि मला तिच्याकडे बघवेना.

मग तिनं खालची फोडली.
तिथं होतं अजून. चमचाभर. पिवळसर, वाहतं.
सगळं विकून झाल्यावरही
घरात उरलेल्या दिव्यासारखं नाही,
तसं म्हणायचा मोह झाला मला.
तेल होतं. शेवटी हात घालायचं, एवढंच.

माझ्या पिशवीत काचेच्या कुप्या होत्या, लेबलं लावलेल्या.
काढाव्यात की नाही, मी घुटमळले.
"घे ना," ती म्हणाली,
अर्धं कुपीत ओतलं,
आणि उरलेलं अंगठ्यानं
माझ्या बुटाच्या वादीवर चोळत राहिली,
वादी काळी पडेपर्यंत,
मी लहान असल्यासारखी.

कुपी ट्रॉम्सोत फ्रीजरमध्ये आहे,
लेबलावर तारीख, हाडाचं नाव, ठिकाण.
मादीचं नाव नाही, तिला नव्हतंच.
काल रात्री उशिरा बाहेर काढून कलंडवली.
जरा वेळ काहीच नाही.
मग, जडपणे, एका बाजूनं,
ते हललं.