भिंतीपलीकडचा जॉब

चारशे बारा जॉब, एकाच लांबलचक यादीत.
क्रेन-चाचणी. क्रेन-चाचणी-नवी.
क्रेन-चाचणी-नवी-खरी. तात्पुरता-२०११.
वेन्लाने पहिल्या दिवशी नुसतं स्क्रोल केलं
आणि बाहेर ओउलूत दुपारी अडीचलाच अंधार पडला.

दुसऱ्या दिवशी फोल्डर केले:
बांधणी, चाचण्या, रवानगी.
आधीच्या माणसाला नावं न ठेवता
जॉबना नावं ठेवायची, हे किती अवघड
ते ज्याने केलंय त्यालाच माहीत.
जुळे वेगळे केले. बेवारशांना मालक शोधले.
आपले आपण कोसळून
रोज पहाटे सगळ्यांना मेल धाडणारे सोळा जण
हात न थरथरता पुसून टाकले.

एकच उरला. कुठेच बसेना.
नाव: आउलिस. नोव्हेंबर ते मार्च,
रात्री दहा ते सहा. कोड घेत नाही,
काही बांधत नाही, कुणाला कळवत नाही,
फक्त अगडबंब संख्यांचे गुणाकार करतो
आणि उत्तर फेकून देतो.
तेरा हिवाळे, सलग हिरवा.

ओस्मोला फोन लावला. तो निवृत्त,
गोठलेल्या तळ्याला भोक पाडून गळ टाकून बसलेला.
बराच वेळ नुसता वारा ऐकू आला.
मग म्हणाला, सर्व्हरच्या भिंतीला लागून
रात्रपाळीच्या पहारेकऱ्याची खोली होती.
हीटर बिघडलेला. तीनदा अर्ज केले आम्ही.
मशीन तापलं की भिंत तापायची.
आउलिस आहे का अजून?

नाही. त्याच्या जागी कॅमेरा आहे,
कॅमेऱ्याला थंडी वाजत नाही.
वेन्लाने जॉब बंद केला. गोल राखाडी झाला.
यादी आता एका पडद्यात मावत होती,
शुक्रवार होता, ती घरी गेली.

सोमवारी सफाईवाली नस्तेहो दारात उभी,
हातात ओले हातमोजे.
"तुमच्या त्या भिंतीला काय झालं?
पलीकडे माझे मॉप असतात, बादल्या असतात.
पहाटे बसमधून उतरले की हे तिथे चिकटवून ठेवते,
सातपर्यंत सुकतात.
शनिवारपासून नाही सुकले."

वेन्लाने सहाचे सात केले.
मालकाच्या रकान्यात स्वतःचं नाव घातलं.
फोल्डर मात्र अजून सुचत नाहीये.
सध्या बाहेरच आहे तो,
सगळ्या नीट लावलेल्या फोल्डरांच्या खाली, एकटा,
आणि चालू.