अंगठ्याची झडप

रुवीत जिन्याखालची खोली. एसी बादलीत ठिबकतो.
बाहेर जुलै; दाराची कडी फडक्याने धरावी लागते.
टॉवेलवर हॉर्न पालथा पडलाय,
बारा फूट नळी, गोगलगायीसारखी स्वतःतच शिरलेली,
आणि मधोमध चार झडपा.
तासगावच्या आमच्या बँडातल्यासारख्या वरखाली होणाऱ्या नव्हेत.
या जागच्या जागी पाव वळण घेतात,
कुणी कूस बदलावी तशा.

झुवैना सांगून गेली : अंगठ्याची अडकते.
रविवारी संचलन आहे.

आधी दोरा सोडायचा.
कुणीतरी शिलाईचा बांधलाय, खाऱ्या हवेने कुजलेला.
मी मत्रहच्या मासळीबाजारातून गळाचा विणीव दोर आणतो.
सुरमई तोलतो तो,
स्वर काय जड आहे?

मग टोपण. मग टोकावर चामड्याची हातोडी,
टक टक, जोरात नाही,
घरात म्हातारं झोपलंय हे ठाऊक असलेल्या शेजाऱ्यासारखी.
खाली तळहात धरून ठेवायचा.
रोटर त्यात पडतो, जायफळाएवढा,
हिरवा.

बिनकल्हईच्या पातेल्यात ताक कळकतं
तसा आत श्वास कळकलाय.

लिंबाच्या पाण्यात हिरवं उतरलं
आणि ओरखडे दिसले.
बारीक, आडवे, सगळे एकाच दिशेचे,
एका कडेला जास्त.
चारशे नंबरचा पॉलिश पेपर.
हात मी ओळखला.

नऊ वर्षांपूर्वी नवा आलो होतो.
व्हिसावर एजंटने टेक्निशियन लिहिलं होतं,
आणि मला एवढंच माहीत होतं की
अडतंय तर घास.
बेनिग्नो मिस्त्रीने पाहिलं तेव्हा ओरडला नाही.
जेवायला बसताना म्हणाला,
धातू परत येत नाही, भाऊ.
श्वास मात्र फट शोधतो.
मी भातावर वरण ओतत राहिलो.

नऊ वर्षं
कुणी ना कुणी माझ्या चुकीत फुंकत होतं,
जास्तीचा दम घालून ती भरून काढत होतं.

बापाचं युफोनियम असंच गळायचं.
वरातीआधी मी त्याच्या सांध्यांना साबण चोळायचो,
मारुतीच्या देवळापर्यंत टिकायचा.
पुढचं सगळं गालांवर.
पंचावन्नाव्या वर्षी छाती गेली.
डॉक्टर म्हणाले, विडी.
असेल.

झुवैना आली तेव्हा रोटर हातात घेऊन
मी मोडक्यातोडक्या अरबीत सांगितलं :
हे मी केलंय. तेव्हा येत नव्हतं.
तिने तो उजेडाकडे धरला, फिरवला.
म्हणाली, मला वाटायचं माझाच दम कमी.
सगळ्यांना सांगितलंही होतं तसं.
हसली. हसण्यासारखं नव्हतं ते.

मग तांब्याच्या पाण्यात रोटर दोन रात्री.
जाड झाला. लेप लावून त्याच्याच घरात फिरवला,
थोडा, पुसून परत थोडा,
घर आणि तो एकमेकांना सोसतील इतपतच.
बूच नवं. तेलाचे दोन थेंब.
चकतीवरची खाच घरावरच्या खाचेसमोर;
केसभर चुकली तरी फिरत नाही.

दोरा आठाच्या आकड्यात ओवायचा.
आपला आठ खाली उघडा राहतो, अरबी आठ नुसता पालथा,
इथे इंग्रजीच लागतो,
आपल्यापाशी परत येणारा.

तिने जिन्यात उभं राहून एक लांब स्वर धरला.
वरच्या मजल्यावरचं मूल रडायचं थांबलं, मग पुन्हा लागलं.
अजून जरासं जातंय, ती म्हणाली.
मलाही ऐकू आलं.
पण आता जातंय ते धातूच्या वयाचं.

पावतीवर मजुरीच्या रकान्यात मी रेघ मारली.
मालकाने विचारलं, हे काय?
तेल संपत आलंय, म्हणालो.
मागवायला हवं.