महिनाअखेर

एकतीस तारखेला ड्यूटी संपताना
मी प्रसूतीचं रजिस्टर उघडते,
फूटपट्टीखाली एकेक ओळ धरून मोजते.
नॉर्मल निळ्या शाईत, सिझर लाल.
हे माझ्या आधीच्या देवरुखकर सिस्टरांनी ठरवलेलं.
का, ते त्यांनी सांगितलं नाही.

बावन्न बाळंतपणं. एकोणीस लाल.
छत्तीस पूर्णांक चोपन्न टक्के.
उद्या हा आकडा रत्नागिरीला जाईल
आणि परवा फोन येईल : एवढे का?

ओळ सात. तहसीन सोलकर, पहिलटकरीण.
कारण : प्रगती नाही.
भूलतज्ज्ञ खेडहून येतात, मंगळवारी आणि शुक्रवारी,
पाचला परत निघतात.
त्या मंगळवारी साडेतीन वाजले होते,
पिशवीचं तोंड सहा सेंटीमीटर,
बाळाचे ठोके उत्तम.
डॉक्टरांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं.
मीही बघितलं.
'उद्या बुधवार आहे' असा रकाना छापलेला नाही.

ओळ सोळा. मनाली पालशेतकर.
धोपाव्याहून दुपारच्या फेरीबोटीने,
बर्फाच्या टेम्पोला खेटून उभ्या रिक्षात आडवी,
बाळाआधी नाळ बाहेर आलेली.
सोबतच्या आरोग्यसेविकेने दोन बोटांनी
बाळाचं डोकं आतल्या आत वर तोलून धरलेलं,
अख्खी खाडी ओलांडेपर्यंत.
बाळ रडलं तरी तिची बोटं सरळ होईनात.
मी ती कोमट पाण्यात धरली.
शुक्रवार होता. एवढंच.

पलीकडच्या केंद्राचं पान निळंशार आहे.
शून्य टक्के, भिंतीवर प्रशस्तिपत्र.
मनालीची लाल ओळ आमच्यात.

ओळ तीस, तेहतीस, अडतीस :
कारण, मागचं सिझर.
एका लाल ओळीच्या पोटी दुसरी.

ओळ एक्केचाळीस निळी आहे.
रविवारची रात्र. एकशे आठ दापोलीच्या घाटात होती.
शेऱ्यात एकच शब्द, तो मी इथे लिहीत नाही.
ती ओळ लाल व्हायला हवी होती.
टक्केवारीत ती आमच्या बाजूने मोजली जाते.

तहसीन टाके काढायला आली तेव्हा
डिस्चार्ज कार्ड वाचून आली होती.
बारावी झालेली मुलगी.
"सिस्टर, माझी प्रगती का नाय झाली?"
तिची सासू दारात बाळाला घेऊन,
टोपडं नीट करत, ऐकत नसल्यासारखी.

मी म्हटलं, "झाली होती गो."

मग बराच वेळ कोणी बोललं नाही.
चिमट्यात धागा होता,
हात हलू नये म्हणून
मी वर बघितलं नाही.