गव्हाभर पुढं

वैशाख वद्य पंचमीला मगदूम येतात.
इंग्रजी तारीख त्यांना चालत नाही,
त्यामुळं अधिक मासाच्या वर्षी
महिनाभर उशिरा, आभाळ भरत आलेलं असताना.
दोघंच.
आदगोंडा काका गुळाची अडत बंद ठेवून,
पद्मावती काकी नाकात नथ,
पायात मात्र रबरी चप्पल.
"चपला कुठं दिसत्यात फोटूत?"

पाठीमागं संध्यामठ.
छत्तीस वर्षं तेच गिऱ्हाईक, तोच मठ.
आधी मामंजी काढायचे,
त्यांचा हात थरथरू लागल्यावर मी.
कॅमेरा देताना एवढंच म्हणाले:
त्यांना डावीकडं घे, काकींना उजवीकडं,
आणि मठाचा मधला खांब
दोघांच्या मधनं दिसला पाहिजे.

सोपं नाही ते.
कठडा नवा झाला, फरशी बदलली,
मामंजींचा स्टँड जिथं रोवलेला असायचा
तिथं आता कणसांची गाडी लागते.
इनायत निखाऱ्यांना वारा घालता घालता
न सांगताच गाडी ढकलतो,
"वहिनी, तुमची पंचमी आली वाटतं."
मग मी सरकते.
आमच्याकडं म्हणतात, रंकाळ्याचा नंदी
रोज गव्हाभर पुढं येतो, तांदळाभर मागं जातो.
मीही तशीच,
खांब जाग्यावर येईपर्यंत.

मोबाईलवर निघतो की हल्ली, मी एकदा म्हटलं.
"निघतोय. भिंतीवर लागत न्हाई," काकी म्हणाल्या.

त्यांच्या भिंतीवर मी रंकाळा मोजलाय.
एका साली मठ गुडघाभर पाण्यात,
नेसूचं वर धरून उभा राहिल्यासारखा.
एका साली पाणी इतकं आटलं
की मठाभोवती पोरं क्रिकेट खेळताहेत
आणि काकांनी चेंडूच्या धास्तीनं
एक खांदा उचललाय.
मग केंदाळाचं साल. पाणी नाहीच,
नुसतं हिरवं, मठ रानातल्या खोपीसारखा.
वास काही फोटोत आला नाही,
पण काकींचा पदर नथीवर आहे.

आणि एक फोटो,
ज्यात दोघंही नाहीत.

त्या साली बोलणं बंद होतं.
वाटणीवरनं की म्हशीवरनं,
दोघं दोन सांगतात.
ती कुरुंदवाडला, माहेरी.
तो अडतीच्या माडीवर.
मामंजी मात्र पंचमीला ठरल्या वेळी आले,
थांबले, ऊन डोक्यावर आलं,
खांब मधोमध घेतला,
दोन्हीकडं माणसाएवढी जागा सोडली
आणि बटन दाबलं.
मोठी कॉपी काढून कुरुंदवाडला पोस्टानं धाडली.
बिल लावलं नाही म्हणून
सासूबाई दिवाळीपर्यंत बोलत होत्या.

आठवड्यानं काकी स्टुडिओत हजर.
"आमी नसताना आमचा फोटू काढायला
तुमाला कुणी सांगितलं?"
अर्धा तास भांडल्या.
भांडून झाल्यावर
फ्रेमचा भाव विचारला.

यंदा काकांचे गुडघे धरलेत.
"बसून काढूया की गं."
"खांब बसलाय काय?"
ते उभे राहिले.
एक हात कठड्यावर टेकला होता,
तो मी बाहेर ठेवला.
गव्हाभर. तांदळाभर.
इनायतनं वारा घालायचं थांबवलं, धूर नको म्हणून.

नेमकं दाबताना
मठाच्या शिखरावरनं खंड्या सुटला,
पाण्यावर निळा ओरखडा ओढत गेला,
आणि दोघांनी माना वळवल्या.
आलंय काय, तर
एक पांढरी टोपी, एक अंबाडा,
मधे खांब.

"परत घेते," मी म्हटलं. "काकी, इकडं बघा."

काकी तिकडंच बघत होत्या.
"अगं, केवढा जवळ हाय ह्यो," म्हणाल्या.